बेण्यातून येणारा रोग : उसावरचा मोझॅक आणि पिवळं पान

  कोणी गोठ्यात असाल, कोणी भाकरी थापत असाल, कोणी दुपारच्या सावलीला बांधावर टेकला असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडं द्या.

आज आपण उसाविषयी बोलणार आहोत. आता कोणी म्हणेल, उसाचं बायकांना कशाला? ते घरचे बघतात, कारखाना बघतो. पण जरा मोजून बघा. बेणं सोलायला कोण? सरीत कांडी टाकायला कोण? भांगलायला कोण? तुटाळ सांधायला कोण? वाढं आणायला कोण? लागणीपासून ऊस डोक्याच्या वर जाईपर्यंत त्याच्या पानाजवळ सगळ्यात जास्त वेळ असतो तो आपणच. म्हणून उसाच्या पानावर रोग आला, तर तो आपल्याला आधी दिसायला पाहिजे.

आम्ही गटागटांत फिरतो. कर्जाच्या हप्त्यांचा विषय निघाला की अलीकडं एक वाक्य फार ऐकायला मिळतं, "यंदा टनेज मिळालं नाही." का नाही विचारलं, तर उत्तर येतं, "जात म्हातारी झाली." पहिल्या वर्षी तीच जात जोमात होती, आता कांडी बारीक पडते, पेरं आखूड राहतं, खोडवा तर उभाच राहत नाही.

मैत्रिणींनो, जात माणसासारखी म्हातारी होत नाही. मग होतं काय? आपण त्याच रानातलं बेणं त्याच रानात वर्षानुवर्षं लावतो, आणि त्या बेण्यात रोग साठत जातात. कोइमतूरला १९१२ साली सुरू झालेली ऊस प्रजनन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलंय की चांगल्या जाती उतरणीला लागण्यामागं विषाणूजन्य रोगांचा मोठा वाटा असतो. आपल्याकडं ८६०३२ ही जात घरोघरी आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं ती नीरा या नावानं १९९६ मध्ये दिली. तिच्याविषयी आता जी कुरकुर ऐकू येते, त्यातली बरीचशी जातीची नसून थकलेल्या, रोगट बेण्याची असते.

आता विषाणू म्हणजे काय, ते थोडक्यात बघू. बुरशी असते, जिवाणू असतात, आणि तिसरा हा विषाणू. तो फार सूक्ष्म असतो, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो पानावर बसून राहत नाही, झाडाच्या पेशीच्या आत शिरतो आणि तिथंच वाढतो. म्हणून त्याच्यावर फवारून मारता येईल असं औषध शेतकऱ्याच्या हातात नाही. एकदा बेट रोगट झालं की ते बरं होत नाही. त्या बेटातला प्रत्येक ऊस, त्या उसाचा प्रत्येक डोळा रोग घेऊनच असतो असं समजायचं.

हे आपल्याला विरजणावरून लगेच कळेल. दूध कितीही चांगलं असू दे, भांडं कितीही घासलेलं असू दे, विरजण बिघडलेलं असेल तर दही बिघडणार. बेणं हे उसाचं विरजण आहे. रोगट कांडी लावली, तर वर कितीही खत घाला, कितीही पाणी पाजा, उगवून येणारा ऊस रोगटच येणार.

उसावर विषाणूचे दोन रोग आपल्याला ओळखता आले पाहिजेत. एक मोझॅक, दुसरा पिवळं पान, ज्याला शेतकी अधिकारी येलो लीफ म्हणतात.

मोझॅक हा जुना रोग. जावा बेटावर १८९२ सालीच त्याची नोंद झाली होती. पुढं अर्जेंटिना, अमेरिकेतलं लुइझियाना अशा ठिकाणी १९२०च्या आगेमागे त्यानं ऊसशेती जवळजवळ बसवली. आपल्या देशात बिहारमधल्या पुसा इथं १९२१ साली तो नोंदला गेला. लुइझियानातली शेती पुन्हा उभी राहिली, ती औषधानं नाही. रोग सहन करणाऱ्या नव्या जाती आणि त्यांचं चांगलं बेणं, यावर ती उभी राहिली. शंभर वर्षांनी आजही इलाज तोच आहे.

मोझॅक ओळखायचा कोवळ्या पानावर. ऊस दोन ते चार महिन्यांचा असताना, जोमात वाढत असताना तो सगळ्यात स्पष्ट दिसतो. शेंड्याजवळचं कोवळं पान हातात घ्या आणि उजेडाकडं धरून बघा. पानाच्या बुडाकडचा भाग नीट बघायचा. पान एकसारखं हिरवं न दिसता फिकट हिरवं किंवा पिवळसर दिसतं, आणि त्यात गडद हिरव्या रंगाचे लांबट ठिपके शिरेच्या दिशेनं उतरलेले दिसतात. धुतल्यावर रंग गेलेल्या लुगड्यावर कुठं कुठं मूळ रंग शिल्लक राहावा, तसं. पुढं ऊस जून झाला की ही खूण पुसट होते. म्हणून मोझॅक लहानपणीच शोधायचा.

पिवळ्या पानाचं उलटं आहे. तो लहान उसात सहसा दिसत नाही. सहा-आठ महिन्यांनंतर दिसायला लागतो. शेंड्यापासून मोजत खाली या. तिसऱ्या ते पाचव्या पानाची मधली शीर, जिला आपण दांडा म्हणतो, ती खालच्या बाजूनं पिवळीधमक झालेली दिसते. बाजूचं पान मात्र अजून हिरवं असतं. नंतर पिवळेपणा दांड्याकडून पानात पसरतो आणि पान शेंड्याकडून वाळत येतं. वरची पेरं आखूड राहतात, त्यामुळं सगळी पानं शेंड्याला एका जागी झुपका बांधल्यासारखी दिसतात. लागणीपेक्षा खोडव्यात हा रोग जास्त उठून दिसतो.

इथं एक घोळ नेहमी होतो. पिवळं पान दिसलं की पहिलं उत्तर मिळतं, "खत कमी पडलंय." काही वेळा ते खरंही असतं. म्हणून फरक समजून घेऊ.

केवडा तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. चुनखडीच्या रानात लोह कमी पडतं आणि ऊस पिवळा-पांढरा पडतो. केवडा पडतो तेव्हा एका पट्ट्यातली सगळी बेटं एकदम पिवळी पडतात. कोवळ्या पानात शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा होतो. हिराकस फवारलं की नवीन पान हिरवं येतं. नत्र कमी पडलं, तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. विषाणूचा रोग असा पट्ट्यानं येत नाही. सुरुवातीला इथं एक बेट, चार सऱ्या सोडून तिथं एक बेट, असा विखुरलेला दिसतो. पिवळ्या पानात तर मधली शीर आधी पिवळी पडते आणि पान हिरवं राहतं. आणि हिराकस, युरिया, काहीही दिलं तरी त्या बेटाची खूण जात नाही.

तिसरं एक, गवताळ वाढ. बेटातून गवतासारखे बारीक, फिकट, पांढरट असे ढिगानं फुटवे येतात. हा विषाणूचा रोग नाही, त्याचा जंतू वेगळा आहे. पण तोही बेण्यातूनच येतो, आणि तेही बेट उपटूनच टाकायचं असतं. तेव्हा नावात चूक झाली तरी उपायात चूक होणार नाही.

आता हा रोग पसरतो कसा?

पहिला आणि सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे बेणं. एका गावातून दुसऱ्या गावात, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात हा रोग ट्रॉलीत बसून जातो. पाहुण्याच्या रानातला ऊस दिसायला भारी आहे म्हणून आपण त्याचं बेणं आणतो आणि त्याच्यासोबत रोगही घरी आणतो.

दुसरा रस्ता मावा. इथं थोडं थांबून बोलू, कारण मावा म्हटलं की आपल्या भागातल्या बायकांना २००२ साल आठवतं. सांगली-कोल्हापूरकडं पांढरा लोकरी मावा आला होता. पानाखाली कापूस पिंजून चिकटवावा तसा. पुढं डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी तो आटोक्यात आणला. तो लोकरी मावा पानातला रस शोषून नुकसान करायचा. आज आपण बोलतोय तो मावा वेगळा. मोझॅक पसरवणारा मावा मका, ज्वारी आणि गवतावरही राहतो. तो रोगट पानात सोंड खुपसतो आणि काही क्षणांत विषाणू घेतो, लगेच दुसऱ्या पानावर जाऊन तो सोडतो. पिवळं पान पसरवणारा मावा फिकट पिवळसर असतो, उसाच्या पानाच्या खालच्या अंगाला बसतो. त्याच्या अंगात एकदा विषाणू गेला की तो मरेपर्यंत राहतो. हा मावा ज्वारीवरही असतो. तो बसला की पानावर चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते.

तिसरा रस्ता कोयता. मोझॅकचा विषाणू रसातून जातो. रोगट ऊस तोडून त्याच कोयत्यानं चांगला ऊस तोडला, तर पात्याला लागलेला रस रोग घेऊन जाऊ शकतो. पिवळ्या पानाचा विषाणू कोयत्यातून जात नाही, पण बेणं तोडताना कुठल्या बेटात काय आहे हे सांगता येत नाही. म्हणून काळजी दोन्हींसाठी सारखीच घ्यायची.

चौथा रस्ता खोडवा. बुडखा जमिनीत राहतो, रोगही बुडख्यात राहतो. लागणीत चार बेटं रोगट असतील, तर खोडव्यात ती चार तर राहतातच, वर मावा त्यात भर घालतो.

नुकसान किती होतं? ते जातीवर, वयावर आणि रोग किती पसरलाय यावर अवलंबून असतं. लवकर बळी पडणाऱ्या जातीत रोग बळावला तर उत्पन्नाचा तिसरा हिस्सा गेल्याच्याही नोंदी आहेत. आपण तेवढं धरू नका. दहावाच हिस्सा गेला असं समजा. एकराला चाळीस टन येणारा ऊस छत्तीसवर आला. चार टन गेले. टनाला तीन हजार धरले तर बारा हजार रुपये. आता आपल्या गटाचा हिशेब मांडा. बारा जणींचा गट, महिन्याला शंभर रुपये बचत. महिन्याचे बाराशे. म्हणजे एका एकरात जे बारा हजार गेले, ती बारा जणींची दहा महिन्यांची बचत झाली. आणि हे पैसे गेलेले कुठं दिसतही नाहीत. गारपीट झाली तर पंचनामा होतो. इथं नुसतं म्हणायचं, जात म्हातारी झाली.

मग करायचं काय? तीन वेळा काळजी घ्यायची : लागणीच्या आधी, लागणीच्या दिवशी आणि लागणीनंतर.

लागणीच्या आधी बेणं बघायचं. बेण्यासाठी राखलेला मळा असावा, म्हणजे ऊस बेण्यासाठीच वाढवलेला. वय नऊ ते अकरा महिने. खोडव्याचं बेणं घ्यायचं नाही, मग ते फुकट मिळो. ज्याच्याकडून घ्यायचं, त्याला तीन प्रश्न विचारायचे. हा प्लॉट लागणीचा की खोडव्याचा? याचं मूळ बेणं कुठून आणलं होतं? आणि त्याला किती वर्षं झाली? दर तीन वर्षांनी बेणं बदलायचं, हा नियम घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

चांगलं बेणं तयार व्हायचं ते तीन टप्प्यांत : मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित. मूलभूत बेणं पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा साखर संस्था, पाडेगावचं संशोधन केंद्र अशा ठिकाणी तयार होतं. तिथून ते कारखान्यांच्या आणि निवडक शेतकऱ्यांच्या मळ्यांत वाढवलं जातं आणि मग आपल्यापर्यंत येतं. तिथं बेण्याला ५४ अंश सेल्सियस तापमानाची बाष्पयुक्त गरम हवा अडीच तास देतात. गवताळ वाढीसारख्या रोगाला त्यानं चांगला आळा बसतो. पण मोझॅक आणि पिवळ्या पानाचा विषाणू काढायला एवढी उष्णता पुरत नाही. त्यासाठी उसाच्या अगदी शेंड्याच्या टोकाचा बारीकसा भाग घेऊन प्रयोगशाळेत रोप वाढवतात. त्याला ऊतीसंवर्धित रोप म्हणतात. त्या रोपांपासून वाढवलेलं बेणं मिळत असेल, तर ते पहिल्यांदा घ्यावं. सगळ्या रानाला परवडणार नाही. पण पाच गुंठे लावा. त्यातून पुढच्या वर्षी आपलं स्वतःचं बेणं तयार होतं.

हे बेणं कारखान्याकडून घ्यायचं तर मागणी सभासदाच्या नावानं करावी लागते, आणि आपल्यापैकी कितीजणींचं नाव सातबारावर आहे हे आपल्याला माहीत आहे. म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. लागणीच्या आठवड्यात नव्हे, चार-सहा महिने आधी. त्यावेळी नाव नोंदवलं तरच वेळेवर बेणं मिळतं.

आपला स्वतःचा बेणेमळा असेल, तर तो तोडायच्या दिवशी बघून भागत नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा, चौथ्या महिन्यात एकदा मोझॅकसाठी बघायचं आणि आठव्या महिन्यात पिवळ्या पानासाठी. बेणेमळा जुन्या रोगट उसाला लागून नसावा. आणि त्याच्या बांधावर वैरणीसाठी मका किंवा ज्वारी टोकायची नाही. आपण बायका बांध मोकळा दिसला की हमखास चार मक्याचे दाणे टोकतो. इतर रानात खुशाल टोका, बेणेमळ्याला तेवढा सोडा. तण, विशेषतः गवत, काढून ठेवा.

लागणीच्या दिवशी कोयता बघायचा. रानात चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवा. दुसऱ्या प्लॉटमधून आलेला कोयता बेण्याला लावण्याआधी उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवून घ्या. दोन कोयते असले तर एक पाण्यात, एक हातात. चहाला पाणी ठेवतोच, तसं हे. बेणं सोलताना ज्या उसाची पेरं आखूड आहेत, कांडी बारीक आहे, तो ऊस बाजूला काढायचा. बेणेप्रक्रिया जरूर करा, बुरशीसाठी आणि किडीसाठी ती लागतेच. पण बेणं औषधात बुडवलं म्हणजे विषाणू गेला, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

लागणीनंतर सगळ्यात महत्त्वाचं काम भांगलणीतलं. रोगट बेट दिसलं की मुळासकट काढायचं. नुसतं वरून कापलं तर पुन्हा फुटतं. काढलेलं बेट झटकत झटकत रानभर न्यायचं नाही, पोत्यात घालून बाहेर काढायचं आणि लांब खड्ड्यात पुरायचं. बांधावर टाकलं की वाळणाऱ्या पानावरचा मावा उडतो तो शेजारच्या उसावर. पंधरा दिवसांनी परत तिथं फेरी मारायची. मोकळी झालेली जागा निरोगी रोपानं सांधायची.

हे सांगायला सोपं आहे, करायला अवघड. वाढत्या उसाचं हिरवंगार बेट उपटायला हात धजत नाही. घरचे रागावतात. आणि आपल्यातल्या कितीतरी जणी दुसऱ्याच्या रानात रोजानं भांगलायला जातात. परक्याच्या रानातला ऊस आपण कसा उपटायचा? आमच्या गटांनी यावर एक रीत ठरवलीय. बेट उपटायचं नाही. त्या बेटाजवळ एक काठी रोवायची आणि काठीला चिंधी बांधायची. संध्याकाळी रोज घ्यायला जाताना मालकांना सांगायचं, "दादा, सात काठ्या लावल्यात, एकदा बघून घ्या." उपटायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. सुरुवातीला लोक हसले. "भांगलायला आलाय की ऊस तपासायला?" असंही ऐकावं लागलं. पण काठी दिसते. वाटेवरून जाणारा विचारतो, ही चिंधी कसली? मग मालकालाही बघावंच लागतं. आता एक-दोन शेतकरी स्वतःहून म्हणतात, "भांगलताना काठ्या लावा गं."

आता एक नाजूक गोष्ट, पण बोलली पाहिजे. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरचा ऊस बेण्यासाठी ठरला होता. बेण्याला कारखान्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता त्यावरच फिटायचा होता. आठव्या महिन्यात गटातल्या दोघी बघायला गेल्या, तर ठिकठिकाणी दांडे पिवळे. घेणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. गप्प बसलं असतं तर ऊस बेणं म्हणून गेला असता, आणि त्या गावातल्या तीन-चार रानांत हा रोग पोचला असता. बैठकीत त्या ताई म्हणाल्या, "मी खरं बोलीन, पण हप्त्याचं काय?" प्रश्न बरोबर होता. दुसऱ्याचं रान वाचवायचं आणि त्याचा सगळा भार एकटीनं सोसायचा, हे न्यायाचं नाही. गटानं ठराव केला. ऊस कारखान्याला जाऊ दे, आणि ताईंच्या हप्त्यांना चार महिने मुदत वाढवून दिली. ठराव इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्यांच्या मालकांनी बेणं घेणाऱ्याला खरं सांगितलं. तो माणूस नाराज झाला नाही. पुढच्या हंगामाला चांगलं बेणं असेल तर आधी मला सांगा, म्हणाला.

मैत्रिणींनो, गट म्हणजे नुसती बचत आणि कर्ज नव्हे, ते इथं कळतं. खरं बोलणाऱ्या बाईच्या मागं गट उभा राहिला, तर गावात रोगट बेणं विकलं जाणार नाही.

यातूनच दुसरी वाट निघते. काही गट उसाची रोपवाटिका करतात. तुम्हीही विचार करा. पाच फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवलं, तर एका रोपाला दहा चौरस फूट जागा लागते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरी साधारण ४,३५० रोपं, तुटाळ धरून साडेचार हजार. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकरी दहा हजाराच्या आसपास लागतात. रोपांना बेणं कितीतरी कमी लागतं, म्हणून थोडं महागाचं पण चांगलं बेणं परवडतं. एक डोळा ट्रेमध्ये लावायचा, महिना-सव्वा महिन्यात रोप तयार होतं. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की प्रत्येक रोप आपल्या डोळ्याखालून जातं. मोझॅकची खूण रोपावरच दिसली तर ते रोप तिथंच बाजूला काढता येतं. एवढं मात्र लक्षात ठेवा, शेडनेटनं ऊन अडतं, मावा अडत नाही. रोपांच्या आसपास मका, ज्वारी, गवत नको. आणि रोपवाटिकेचं बेणं कुठून आणलं, त्याची पावती गटाच्या फाइलला लावा. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा ती पावतीच आपली पत.

कार्यक्रमाच्या फोनवर आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन थांबते.

पहिला प्रश्न. रोगट उसाचा पाला जनावरांना घातला तर चालतो का? चालतो. हे विषाणू जनावराला किंवा माणसाला होत नाहीत. रस प्या, गूळ खा, काही भीती नाही. पण कीटकनाशक फवारलेलं असेल, तर तो पाला घालायचा नाही. आणि पाला रानातून रानात फिरवत न्यायचा नाही.

दुसरा प्रश्न. मावा मारायला सारखं औषध फवारलं तर रोग थांबेल का? मोझॅकचा मावा क्षणात रोग देऊन जातो, औषधानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. शिवाय सारखं फवारलं की ढालकिडा, क्रायसोपा असे आपले मित्रकीटकही मरतात. पिवळ्या पानाचा मावा फार वाढला असेल, तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी सखीला पान दाखवून त्यांच्या सल्ल्यानं एखादी फवारणी करा. मनानं औषध आणू नका.

तिसरा प्रश्न. रोगट उसाचा खोडवा ठेवायचा का? बेटं मोजा. रान आडवंतिडवं चालत शंभर बेटं बघा. एक-दोन रोगट असली तर ती काढून खोडवा ठेवा. आम्ही गटांसाठी असं ठरवलंय की दहात एक बेट रोगट निघालं तर खोडवा मोडायचा, बुडखे वेचून काढायचे आणि मध्ये सोयाबीन, हरभरा असं दुसरं पीक घ्यायचं. त्या रानातलं बेणं मात्र एक बेट रोगट असलं तरी जपूनच, आणि शक्यतो नाहीच.

आता आडसालीची तयारी सुरू होतेय. येत्या बैठकीत हे एक काम करा. वसुली झाली की तासभर सगळ्याजणी जवळच्या उसात जा. पान उजेडाकडं धरा, दांडा खालून बघा, केवडा कोणता आणि मोझॅक कोणता ते एकमेकींना दाखवा. सासूबाईंना सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते. शाळेतल्या पोरींनाही न्या. आणि गटाच्या वहीत एक पान बेण्यासाठी ठेवा : कोणी, कुठलं बेणं, कधी आणलं. तीन वर्षांनी ती वहीच सांगेल, बेणं बदलायची वेळ कोणाची आली.

पुढच्या कार्यक्रमात पाचट न जाळता कुजवायचं कसं, यावर बोलू.